आठ अंडी, एक लगन

१ जूनला समुद्रातली मासेमारी थांबते आणि ३१ जुलैपर्यंत थांबलेलीच राहते. माशांच्या विणीचा हा काळ, म्हणून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना ६१ दिवस बंदी असते. थळ, नवगाव, वरसोली, आक्षी, रेवदंडा, जिथे पाहावे तिथे होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या. अलिबागच्या मासळी बाजारात मग खाडीतली थोडीफार मासळी आणि सुके बोंबील, सोडे, जवळा एवढेच उरते. ताजे काही दिसलेच तर भाव विचारून पुढे सरकावे लागते. मटणाचा भाव तर सांगायलाच नको.

अशा दिवसांत आपल्या घरांना अंडी तारून नेतात. पहिल्या दिवशी अंड्याचे कालवण, दुसऱ्या दिवशी पोळा, तिसऱ्या दिवशी कांदा-टोमॅटोची भुर्जी. चौथ्या दिवशी मुले ताटाकडे पाहून तोंड वाकडे करतात आणि घरातले वडीलधारे काही न बोलता लोणच्याची बरणी ओढतात. तेव्हा या महिन्यात अंड्याचाच, पण जरा लांबून आलेला पदार्थ घेतला आहे. मेक्सिकोत त्याला ‘वेवोस रांचेरोस’ म्हणतात. वेवोस म्हणजे अंडी, आणि रांचेरो म्हणजे शेतावर, गुरांच्या वाडीवर राबणारा माणूस. पहाटे उठून दोन-तीन तास काम झाले की त्या माणसाला जी भरपेट न्याहारी मिळे, ती ही. मक्याची पातळ भाकरी, तिच्यावर तळलेले अंडे, त्याच्यावर भाजलेल्या टोमॅटो-मिरचीचा झणझणीत रस्सा आणि शेजारी घोटलेला राजमा. त्यात मांसाचा तुकडाही नसतो. आपल्या कोकणातल्या शेतकऱ्याची न्याहारी आठवा, फारसा फरक दिसणार नाही. भाकरी, काहीतरी तिखट, आणि वर कच्चा कांदा.

नावाने बिचकायचे कारण नाही, कारण या ताटातल्या निम्म्या वस्तू आपल्या घरात तीन-चारशे वर्षे नांदत आहेत. मिरची मेक्सिकोकडची. ती येण्याआधी आपल्याकडे तिखटपणा होता तो मिऱ्याचा, पिंपळीचा आणि आल्याचा. नवी शेंग आली तेव्हा तिला नावही मिऱ्यावरूनच मिळाले, मिरची. गंमत अशी की स्पॅनिश लोकांनीही नेमके हेच केले. मिऱ्याला ते ‘पिमियेंता’ म्हणत, मिरचीला ‘पिमियेंतो’ म्हणू लागले. मिऱ्याच्या शोधात निघालेला कोलंबस १४९२ साली भलत्याच किनाऱ्याला लागला आणि हा सगळा घोटाळा, किंवा ही सगळी देवघेव, सुरू झाली.

आपल्या भागापुरते बोलायचे तर ही देवघेव चौलच्या खाडीने पाहिली आहे. अलिबागच्या दक्षिणेला असलेले चौल हे फार जुने बंदर. इ. स. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसूदी तिथे आला होता. तो या गावाला सैमूर म्हणतो, आणि तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडून येऊन स्थायिक झालेले बरेच आहेत, अशी नोंद करतो. म्हणजे या किनाऱ्यावर आपला दस्तरखान हजार वर्षांपेक्षा जास्त काळ अंथरलेला आहे. पुढे १५२१ साली अहमदनगरच्या निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, किल्ल्याचे काम सुरू केले. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, जगाच्या दुसऱ्या टोकाला स्पॅनिश सैन्याने मेक्सिकोची राजधानी जिंकली. मिरची, मका, राजमा, काजू, पेरू, अननस हे सगळे अमेरिकेचे वाण पोर्तुगीजांच्या जहाजांच्या काळात हळूहळू या किनाऱ्यावर रुजले. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, पण खाडीपलीकडच्या कोर्लईत काही घरांत अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात आणि आपल्या चुलीवर मिरची राहिली ती राहिलीच. टोमॅटो मात्र फार उशिरा आला. आपल्या दादी-नानींच्या हातच्या जुन्या कालवणांत आंबटपणा असायचा तो कोकमाचा, चिंचेचा, कैरीचा.

आता उलट बाजू पाहा. मेक्सिकोत स्पॅनिश लोक जाण्याआधी कोंबडी नव्हती. तिथे टर्की पाळत. कोंबडी मूळची आपल्या आशियाची, आग्नेयेकडच्या रानातली, ती युरोपमार्गे तिकडे पोचली. आज दरमाणशी सर्वाधिक अंडी खाणाऱ्या देशांत मेक्सिकोचे नाव घेतले जाते. तेव्हा हा पदार्थ तिकडचा म्हणायचा की इकडचा, हा वाद घालण्यात अर्थ नाही. रस्सा त्यांचा, अंडे आपले.

एवढे सगळे खरे असले तरी आठ माणसांच्या घरात हा पदार्थ मूळ रीतीने करायचा म्हटले की एक अडचण उभी राहते, आणि या लेखाचे खरे कारण तीच अडचण आहे. मूळ रीत एका माणसाच्या ताटासाठी आहे. एक भाकरी तव्यावर, मग दोन अंडी तळायची, रस्सा ओतायचा, ताट पुढे सरकवायचे. तव्यावर एका वेळी फार तर दोन अंडी नीट होतात. आठ माणसांसाठी आठ घाणे. पहिल्याचे ताट संपते तेव्हा तिसऱ्याचे अंडे तव्यावर असते. तळलेले अंडे तर गरमच खावे लागते, थांबले की चिवट होते. मग काय होते हे आपण सगळे जाणतो. बाकीचे बसतात, ती उभी असते. कधी अम्मी, कधी भाभी, कधी नुकती लग्न होऊन आलेली सून. “तू पण बस ना” असे दोन-तीनदा म्हटले जाते, पण म्हणणाऱ्याच्या ताटात पुढचे अंडे तीच वाढत असते. शेवटी दस्तरखान आवरला की तिच्या वाट्याला तुटलेल्या पिवळ्या बलकाचे अंडे, कडेची भाकरी आणि गार रस्सा.

ही गोष्ट फक्त अंड्यांची नाही. तव्यावरून थेट ताटात जाणारी प्रत्येक चीज, गरम भाकरी, फुलका, घावन, पुरी, एका माणसाला पंगतीबाहेर ठेवते. त्याला आपण पाहुणचार म्हणतो, प्रेम म्हणतो आणि ते खोटे आहे असे नाही. पण प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण काय आहे ते पाहावे. जो नोकर चुलीची धग आणि धूर सोसून आपल्यासाठी जेवण घेऊन येतो त्याला सोबत बसवावे, तेही जमत नसेल तर निदान एक-दोन घास त्याच्या हाती द्यावेत, असे त्यांनी सांगितल्याचे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. नोकराबद्दल एवढी ताकीद. मग ज्या बाईने दुपारपासून चुलीपाशी धग सोसली, ती आपली आई, बहीण, पत्नी, सून असेल, तर तिला शेवटची उष्टावळ का? हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे की प्रेषित (सल्ल.) घरी असताना घरच्यांच्या कामात असत. आपल्याकडे घरातला तरणाताठा मुलगा पाण्याचा तांब्या भरून आणायलाही उठत नाही, आणि त्याला उठवतही कोणी नाही.

तेव्हा रीत बदलायची. सुदैवाने बदललेली रीतही मेक्सिकोचीच आहे. तिथे ‘वेवोस आओगादोस’ करतात, म्हणजे बुडवलेली अंडी. रस्सा आधी तयार, तो उकळत असताना त्यातच अंडी फोडून सोडायची आणि झाकण ठेवायचे. ट्युनिशियाची शकशुका हीच जात, आणि मुंबई-डहाणूकडच्या पारशी घरांत टोमॅटोवर अंडी सोडून करतात तो पदार्थही याच कुळातला. आठही अंडी एकाच भांड्यात, एकाच वेळी शिजतात. लगन उचलून दस्तरखानाच्या मधोमध ठेवायची, आणि जिने केले तिने सर्वांबरोबर बसायचे. ज्यांच्याकडे लगन नाही त्यांनी झाकण बसेल असे मोठे पसरट पातेले किंवा कढई घ्यावी. एक वीतभर रुंदीच्या भांड्यात आठ अंडी मावणार नाहीत, निदान दीड वीत तरी हवे.

साहित्य असे. आठ अंडी, दीड किलो पिकलेले लाल टोमॅटो, दोन मोठे कांदे, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या सालीसकट, पाच-सहा हिरव्या मिरच्या, चार सुक्या बेडगी मिरच्या, एक चमचा जिरे, चार मोठे चमचे तेल, मीठ, मूठभर कोथिंबीर, दोन लिंबे. कांदा शक्यतो आपला पांढराच घ्यावा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते उगाच नाही. भातकापणीनंतर त्याच खाचरात तो लावतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी काढतात आणि पातीची वेणी घालून माळा बांधतात. या माळा वाशाला टांगून ठेवल्या असतील तर पावसातही टिकतात. तो कमी उग्र आणि गोडसर असतो, कच्चा खाताना डोळ्यांत पाणी येत नाही. या पदार्थात कच्च्या कांद्याला जेवढे महत्त्व तेवढेच शिजलेल्याला, म्हणून हा कांदा फार शोभतो. मात्र नाक्यावर पांढऱ्या माळा दिसल्या म्हणजे त्या इथल्याच असे समजू नका. ओळखीच्या शेतकऱ्याकडून उन्हाळ्यातच घेऊन ठेवलेल्या बऱ्या.

टोमॅटो पावसाळ्यात महाग होतात. २०२३ च्या जुलैत ते किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेले होते. तसे झाले तर एक किलोच घ्या आणि दोन कांदे वाढवा. चिंच घालून आंबटपणा भरून काढायचा मोह होईल, तो टाळा. चिंच पडली की चव थेट आपल्या नेहमीच्या कालवणाकडे वळते, मग एवढा खटाटोप कशाला?

सगळी करामत भाजण्यात आहे. जाड लोखंडी तवा चांगला तापवा, तेल अजिबात नको. त्यावर अख्खे टोमॅटो, सोललेल्या कांद्याच्या जाड चकत्या, सालीसकट लसूण आणि हिरव्या मिरच्या टाका. हिरव्या मिरचीला आधी छोटी चीर द्या, नाहीतर ती फुटून अंगावर उडते. टोमॅटोची साल काळी पडून सुटू लागेपर्यंत सगळीकडून फिरवत राहा. काळे डाग पडले म्हणजे जळले असे वाटून घाईने उतरवू नका, ते डाग हीच चव आहे. सुक्या मिरच्या मात्र शेवटी, बंद केलेल्या तव्यावर, मोजून दहा-पंधरा सेकंद. त्या काळ्या झाल्या की कडू होतात आणि घरभर ठसका उठतो. त्या गरम पाण्यात पंधरा मिनिटे भिजवा. लसूण सोला, टोमॅटोची सुटलेली साल निम्मी काढा, निम्मी राहू द्या. मग सगळे मिळून जाडसर वाटा. पाटा-वरवंटा असेल आणि हातात जोर असेल तर त्यासारखे काही नाही. मेक्सिकोतही काळ्या दगडाच्या तीन पायांच्या खलात वाटतात. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, गुळगुळीत करू नका.

लगनीत तेल तापवा, जिरे घाला, आणि वाटलेला रस्सा एकदम ओता. तो जोरात चुरचुरला पाहिजे. ही दुसरी महत्त्वाची पायरी, आणि आपल्याकडे ती सहज समजते, कारण मसाला तेल सुटेपर्यंत परतणे आपल्या हाताला ठाऊक आहे. दहा-बारा मिनिटांत रंग टोमॅटोच्या लालवरून विटेकडे झुकतो आणि कडेला तेल दिसते. मीठ घाला, एक भांडे गरम पाणी घाला, मंद उकळू द्या. दारात कुंडीत ओव्याच्या जाड, लवदार पानांचे रोप असेल तर एक पान बारीक चिरून टाका. मेक्सिकोच्या रस्श्यात तिकडचा ओरेगॅनो पडतो, आणि कॅरिबियन बेटांवर आपल्या या ओव्याच्या पानालाच ओरेगॅनो म्हणून वापरतात. दुकानातल्या पिझ्झाबरोबरच्या पुडीपेक्षा हे पान शंभरपट चांगले.

काय घालायचे नाही तेही सांगतो. हळद नको, आले नको, गरम मसाला नको, खोबऱ्याचे वाटण तर नकोच. आपल्या घरातल्या जाणत्या बायकांचा हात नकळत मसाल्याच्या डब्याकडे जातो आणि ‘थोडासाच’ म्हणत चिमूट पडते. एवढ्या वेळेपुरता डबा बंद राहू द्यावा.

आता अंडी. पावसाळ्यात अंडी भिजून, दमट होऊन येतात. फोडण्याआधी पाण्यात सोडून पाहा, तरंगले ते जुने. प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडा, मग लगनीत सोडा. त्यात दोन फायदे आहेत. एखादे खराब निघाले तर सगळा रस्सा वाया जात नाही, आणि रक्ताचा ठिपका दिसला तर ते अंडे बाजूला ठेवता येते. रस्सा मंद उकळत असताना पळीच्या पाठीने आठ खळगे करा, प्रत्येकात एक अंडे अलगद उतरवा, वर मिठाची चिमूट टाका आणि झाकण ठेवा. पाच-सहा मिनिटांत पांढरे घट्ट होते आणि बलक मऊ राहतो. आठ-नऊ मिनिटांत बलकही शिजतो. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बायकांना कच्चट बलक देऊ नये, साल्मोनेलाच्या जंतूंमुळे होणारा आजार त्यांना जड जातो. त्यांच्यासाठीची अंडी आधी एका बाजूला सोडावीत, दोन-तीन मिनिटांनी बाकीची. तेवढ्यात दस्तरखान अंथरणे, पाणी भरणे, लिंबू कापणे ही कामे ज्यांचे हात रिकामे आहेत त्यांनी करावीत. हे वाक्य घरातल्या मुलग्यांना मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.

मग भाकरीचे काय? तीही एकेक गरम वाढायची म्हटली तर ती पुन्हा चुलीपाशीच. मेक्सिकोत मक्याच्या भाकऱ्या करून कापडात गुंडाळून टोपलीत ठेवतात, त्या वाफेने मऊ राहतात. आपल्या तांदळाच्या भाकरीलाही हे चालते. उकड नीट मळलेली असेल तर स्वच्छ सुती कापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवलेली भाकरी तासभर मऊ राहते. मगरिबच्या आधी भाकऱ्या करून ठेवाव्यात, रस्साही तेव्हाच. नमाज झाली की फक्त अंडी सोडायची.

मक्याचे पीठ आणून त्यांच्यासारखी भाकरी करावी का, असे काहीजणींना वाटेल. आमचे मत, करू नये. त्यांचे पीठ आपल्या गिरणीतल्या मक्याच्या पिठासारखे नसते. मक्याचे दाणे ते आधी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, मग धुऊन वाटतात. त्याने पीठ चिकट होते, भाकरी तुटत नाही आणि मक्यातले एक जीवनसत्त्व, नायसिन, शरीराला मिळण्याजोगे होते. युरोपने मका नेला पण चुन्याची रीत नेली नाही, आणि उत्तर इटली, स्पेनमध्ये केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा भयंकर रोग पसरला. दाणे नेले, पण ते कसे खायचे हे ज्या बायकांना ठाऊक होते त्यांना कोणी विचारले नाही. आपल्या घरात तांदळाची उकड काढायला येते, तर तीच भाकरी या रस्श्याबरोबर सर्वांत चांगली.

शेजारी घोटलेला राजमा हवा असतो. राजमा रात्री भिजवून, भरपूर पाण्यात पूर्ण मऊ शिजवून, कांद्याच्या फोडणीत डावाने घोटायचा. आमच्याकडे राजम्याऐवजी चवळी करतात, ती लवकर शिजते आणि मुलांच्या पोटाला हलकी पडते. अलिबागकरांना वालाची आठवण येणारच. थंडीत आपण पोपटी लावतो तेव्हा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगांबरोबर अंडी असतातच, म्हणजे शेंगा आणि अंडी ही जोडी इथली जुनीच. पण पावसाळ्यात मिळतो तो सुका कडवा वाल. त्याचे बिरडे उत्तम, टोमॅटोच्या या रस्श्याशी मात्र तो भांडतो.

वरून घालायला पांढरा कांदा पातळ चिरून मीठ आणि सिरक्यात अर्धा तास ठेवावा. सिरक्याला प्रेषित (सल्ल.) यांनी उत्तम तोंडीलावणे म्हटल्याचे हदीसमध्ये आले आहे, आणि नेमका तोच मेक्सिकोतही कांद्यावर पडतो. सिरका नसेल तर लिंबू.

हलालच्या दृष्टीने घरचा पदार्थ पूर्ण निर्धास्त आहे. अंडी, भाजी, तेल, मीठ, बस्स. पण हाच पदार्थ बाहेर, विशेषतः परदेशात, मागवाल तर सावध राहा. तिथे घोटलेला राजमा पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात, गव्हाच्या पिठाच्या भाकरीतही ती चरबी असू शकते, आणि ‘चोरिसो’ नावाचे जे लाल मिश्रण अंड्यात घालतात ते सहसा डुकराचेच असते. मांस दिसत नाही म्हणून चालते असे समजू नये, चरबी कोणती हे स्पष्ट विचारावे. आखाती देशांत असलेल्या आपल्या मुलांना ही काळजी कमी, पण अमेरिका-युरोपात शिकायला गेलेल्यांना हा प्रश्न रोज पडतो. हलाल मांस दूर मिळते, वसतिगृहात एकच शेगडी, आणि खिशात पैसे मोजके. त्यांना हा पदार्थ जरूर कळवा. एका भांड्यात दोन अंडी, डब्यातले टोमॅटो, मिरची. मुलांनाही कळवा, मुलींनाच नको.

‘शाकाहारी’ या शब्दावरून एक गोष्ट राहिली. अमेरिकेकडे अंडे शाकाहारात धरतात. आपल्याकडे अन्नपदार्थाच्या वेष्टनावर अंडे असेल तर मांसाहाराचीच तपकिरी खूण येते, आणि शेजारच्या घरांतही तोच हिशेब असतो. शेजारी वाटी पाठवायची असेल तर अंडी सोडण्यापूर्वी रस्सा वेगळ्या स्वच्छ पातेल्यात काढून घ्या आणि त्यात पनीरचे तुकडे किंवा उकडलेले बटाटे घाला. पाठवताना आत काय आहे, काय नाही, ते स्पष्ट सांगा. श्रावण सुरू झाला असेल तर कांदा-लसूणही विचारून घ्या.

रमजानात सेहरीसाठी हा रस्सा फार उपयोगी आहे. रात्रीच करून थंडीच्या कपाटात ठेवला की पहाटे फक्त तापवून अंडी सोडायची. तेव्हा मिरची निम्मी करावी, दिवसभर तहान लागते.

आणि उरले तर? अंडी उरत नाहीत, रस्सा उरतो आणि भाकरी उरते. शिळ्या भाकरीचे आपण फोडणी देऊन तुकडे करतो, मेक्सिकोतही तेच करतात. शिळी भाकरी त्रिकोणी कापून, तेलात कडक करून, उरलेल्या रस्श्यात दोन मिनिटे लोळवतात आणि वर दही किंवा चीज घालतात. त्याला ते ‘चिलाकिलेस’ म्हणतात. तांदळाच्या भाकरीचे तुकडे तळण्यापूर्वी अर्धा तास पंख्याखाली वाळू द्यावेत, ओल्या हवेत ते नुसते तेल पितात. रस्श्यात घातले की लगेच खायला घ्यावे, पाच मिनिटांत लगदा होतो. सकाळी शाळेच्या घाईत हे जमणार नाही, पण जुम्याच्या दिवशी नमाजहून परतणाऱ्यांसाठी हे करायला ठीक. तुकडे तळायचे काम तेवढे परतणाऱ्यांपैकीच कोणाला तरी द्यावे.